माणसं खाणारा रांदपी

काजूचा हंगाम पुन्हा आला आहे. शाळेतून घरी येताना डोंगराच्या वळणावर पिकलेल्या बोंडूंचा आंबूस-गोड वास येतो, गाडीच्या काचा वर असल्या तरी येतो. संध्याकाळी त्यात हुर्राकाच्या, काजूच्या पहिल्या धारेच्या दारूच्या, भट्टीचा धूर मिसळतो आणि घरातले कपडेसुद्धा त्याच वासाचे होतात.

माझ्या मुलीची परीक्षा संपली आहे. दुपारी जेवताना ती मोबाइल तांब्याला टेकवून एक परदेशी मालिका बघते. तिच्यात एक शिकलेला, हळू आवाजात बोलणारा गृहस्थ आहे. तो माणसं मारतो, त्यांना निगुतीने शिजवतो आणि पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर बसून खातो. मुलगी ते बघत चवळीच्या तोंडाकात, म्हणजे रस्स्यात, उंडो पाव बुडवून खात असते.

"तुला घास कसा जातो गं?" मी विचारलं.

"आई, हे खरं थोडंच आहे?"

पुस्तकांतून, सिनेमांतून हा माणूस बरीच वर्षं जगभर हिंडतो आहे. सुरा घेऊन अंधारातून येणारे खुनी कितीतरी झाले आणि विसरलेही गेले. हा मात्र टिकला. मला वाटतं, तो जेवायला बोलावतो म्हणून टिकला असावा. दार लावून घेतलं की बाकीच्यांपासून वाचता येतं. ह्याच्याकडे आपण आपल्या पायांनी जातो, चप्पल काढतो आणि वाढलेल्या पानावर बसतो.

मी मुलीला म्हटलं, आमच्या गावातही असा एक होता. ती हसली. तिला मालिकेत काय झालं ते बघायचं होतं, म्हणून मी पुढे काही बोलले नाही. पण त्या वर्षीचा काजूचा हंगाम मग दिवसभर माझ्या मागे राहिला.

मी मूळची पेडण्याकडच्या इब्रामपूरची. लग्न होऊन डिचोली तालुक्यात, सुर्लाच्या अलीकडच्या एका गावात आले आणि तिथल्याच शाळेत मराठी शिकवू लागले. खाणी बंद पडल्याचं ते पहिलं वर्ष. एरवी दिवसभर रस्त्याने धावणारे ट्रक माडांखाली, अंगणांत, देवळामागच्या मोकळ्या जागेत उभे होते. चाकांभोवती गवत उगवलं होतं. वर्षानुवर्षं पानांवर बसलेली तांबडी धूळ पावसाने धुऊन नेली ती परत आली नाही. झाडं हिरवी दिसू लागली, आणि ते बघून कुणालाच बरं वाटत नव्हतं.

पुरुष घरी होते. सुहास म्हणून एक तरुण ट्रकमालक होता. पणजीला कॉलेजात असताना त्याने एकांकिका केल्या होत्या. देवळाच्या वर्धापनदिनाला गावात दरवर्षी नाटक होतं. त्या वर्षी त्याने स्वतःच एक लिहिलं, 'ताट वाढलंय'. त्यातले अण्णासाहेब मोठ्या घरात एकटेच राहतात. पाहुण्यांना अगत्याने बोलावतात, स्वतः स्वयंपाक करतात, आणि पाहुणा परत जात नाही. पुढच्या पाहुण्याच्या पानात काय पडतं, ते प्रेक्षकांना हळूहळू कळतं. रंगमंचावर रक्ताचा थेंब नव्हता. शेवटच्या प्रवेशात हरवलेल्या भावाला शोधत एक तरुण येतो, अण्णासाहेब त्याला बसवतात, वाढतात आणि समोर बसून त्याचं जेवण बघत राहतात. तिथेच पडदा.

अण्णासाहेब करणारे गृहस्थ बँकेत होते. त्यांच्या पत्नीला नाटकाची गोष्ट कळली आणि त्यांनी नवऱ्याचं तालमीला येणंच बंद केलं. त्याच आठवड्यात सुहासने आत्मारामला तालमीला बोलावलं, तेही फक्त कांदा कसा चिरायचा ते दाखवायला.

आत्माराम म्हणजे गावाचा रांदपी, आचारी. दोडामार्गच्या पलीकडच्या एका वाडीतून तो तरुणपणी ट्रकवर क्लीनर म्हणून आला होता. ट्रकवाल्यांचं जेवण करता करता लग्नामुंजीचं करू लागला. गावातलं कुठलंही कार्य असो, खटखटं, म्हणजे पाच-सात भाज्यांचं ते कालवण, त्याच्या हातचं असायचं. आडव्या बांध्याचा, कमी बोलणारा माणूस. गावात तीसेक वर्षं राहूनही तो त्याच्या गावची मालवणीच बोलायचा आणि गावातले त्याला अजून 'सावंतवाडीकडचो' म्हणायचे.

शाळेच्या सभागृहात टेबल मांडलं होतं, मी मराठीची शिक्षिका म्हणून संहिता धरायला होते. आत्माराम कांदा चिरत होता आणि सुहास अण्णासाहेबांची वाक्यं मोठ्याने वाचत होता. वाचता वाचता तो थांबला. आम्ही सगळेच आत्मारामच्या हातांकडे बघत होतो. सुरी इतकी संथ चालली होती की ती कशावर चालते आहे याचा काही क्षण विसर पडला.

"आत्मारामदादा, तुम्हीच करा हे काम," सुहास म्हणाला.

"माका बोलूक खंय येता," आत्माराम म्हणाला. "तुमची ती पुस्तकी भाषा."

ती शिकवायचं काम माझ्याकडे आलं. रोज शाळा सुटल्यावर तो यायचा, वहाणा दाराबाहेर काढायचा आणि मुलांच्या बाकावर अंग चोरून बसायचा. मी वाक्य म्हणायचे, तो म्हणायचा. 'नाय'चं 'नाही' आणि 'तेका'चं 'त्याला' व्हायला फार दिवस लागले नाहीत. मात्र त्याबरोबर आणखी काहीतरी झालं. मालवणी बोलणाऱ्या आत्मारामला वय होतं, गाव होतं, बायको होती. शुद्ध मराठी बोलू लागला की त्यातलं काहीच उरत नसे. "बसा. घाई काय आहे? तुम्ही आलात, बरं वाटलं," हे तो इतक्या स्वच्छ आणि रिकाम्या आवाजात म्हणायचा की एकदा मी उठून जनेल उघडलं. उकाडा होताच, पण मी उघडलं ते तेवढ्यासाठी नव्हे.

एकदा त्याने विचारलं, "टीचर, ह्यो माणसांका कित्याक खाता? घरात तांदूळ नाय काय?"

"सुहास म्हणतो, आलेलं माणूस परत जाऊ नये असं त्याला वाटतं. एकटा आहे ना."

त्याने जरा विचार केला. "म्हणजे जेवण करता तो खरो," तो म्हणाला. "फक्त उठूक दिणा नाय."

नाटक दिवेलागणीनंतर देवळाच्या मांडवात झालं. मी विंगेत, हातात संहिता. पहिल्या दोन अंकांना लोक हसत होते, ओळखीच्या नटांना नावाने हाका मारत होते. बायकांनी पाण्याच्या बाटल्या, मुलांसाठी चणे आणले होते. शेवटच्या प्रवेशात आत्मारामने त्या तरुणाच्या पानात रस्सा वाढला, समोरची खुर्ची ओढली आणि बसला. संहितेत पुढे फक्त एवढंच लिहिलं होतं, की अण्णासाहेब त्याच्याकडे बघतात. तो बघत राहिला. किंचित पुढे वाकून, पापणी न हलवता, घास तोंडात जाईपर्यंत, चावला जाईपर्यंत, गळ्याखाली उतरेपर्यंत. मांडवात चण्यांच्या पुड्यांचा आवाज बंद झाला. पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठली आणि नातवाला ओढत बाहेर गेली. पडदा पडल्यावर टाळ्या यायला इतका वेळ लागला की सुहासला वाटलं नाटक पडलं.

दुसऱ्या दिवसापासून थट्टा सुरू झाली. पाव विकणारा पोदेर सायकलवरून त्याला विचारायचा, आज कुणाला शिजवलं? दुकानात त्याने मिरच्या घेतल्या की कुणीतरी खाकरायचं. मुलं त्याच्या कुंपणापाशी आली की पळायची. आत्माराम हसायचा. सुलभावैनी, त्याची बायको, हसत नव्हती. मग एका बारशाचं बोलणं झालेलं मागे घेतलं गेलं, एका गृहशांतीचं आलंच नाही. कुणी भांडलं नाही, कुणी कारणही दिलं नाही. पाहुणे बाहेरून येणार, उगाच कुणी काही बोललं तर, असं काहीसं पुटपुटत लोक डिचोलीचा किंवा साखळीचा आचारी ठरवत होते. खाणी बंद असताना कार्यं तशीही कमीच होती.

आमच्या घरी वैशाखात लग्न होतं. माझी नणंद मयुरी हिचं. जेवण आत्माराम करणार हे दिवाळीतच ठरलं होतं. एका दुपारी सासूबाई फणसाचे गरे काढत बसल्या होत्या. हाताला तेल लावलेलं, समोर वर्तमानपत्र पसरलेलं. मान वर न करता त्या म्हणाल्या, "आत्मारामाक नाका सांगया."

मयुरी तिथेच होती. "कित्याक?"

"तो बरो मनीस. म्हाका खबर आसा. पूण जेवतना म्हाका ताचें तोंड दिसतलें."

"आई, तो नाटकांत खाता. लग्नांत तो रांदता."

"कळटा म्हाका. पोटाक कळना."

माझ्या नवऱ्याने समजावून पाहिलं, मीही सांगितलं की त्या माणसाला मी रोज शिकवलं आहे, त्याच्याइतकं निरुपद्रवी कुणी नाही. सासूबाई माझं म्हणणं खोडत नव्हत्या. त्या वाईट बाई नव्हत्या. आत्मारामच्या मुलाच्या आजारपणात त्यांनी महिनाभर त्याच्या घरी दूध पाठवलं होतं. पण अन्नाच्या बाबतीत माणूस डोक्याने वागत नाही. कुणाच्या हातचं खायचं हा विश्वास इतका आत कुठेतरी असतो की तो आहे हे एरवी जाणवतही नाही. हलला की मगच कळतं.

दोन दिवसांनी आत्माराम स्वतःच आला. सोप्यावर बसला नाही, खांबाला टेकून उभा राहिला. कुणी त्याला काही कळवलं नव्हतं, पण गावात अशा गोष्टी कळवाव्या लागत नाहीत.

"काकी," तो म्हणाला, "साखळीक एक माझ्या वळखीचो असा. हात बरो असा तेचो. तेका सांगा."

सासूबाईंनी पदराने हात पुसले. "तुका राग आयलो मरे," त्या म्हणाल्या.

"राग कसलो? घास घशाखाली उतरूक व्हयो. तो उतरणा नसलो तर माझ्या रांदपाचो उपयोग काय?"

मयुरी आतून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, "मगीर तूं जेवपाक तरी यो. पयले पंगतीक. हांव स्वता आमंत्रण घेवन येतलें." तो तिच्याकडे बघून हसला. वहाणा घालून गेला.

पुढच्याच आठवड्यात फोंड्याला एका संस्थेची नाट्यस्पर्धा होती आणि सुहासने नाव आधीच दिलं होतं. सुलभावैनीने सुहासला दारात उभं करून सांगितलं की आता पुरे झालं, एका नाटकाने चूल विझत आली, दुसरं नको. सुहास मान खाली घालून परत फिरला. आत्माराम मात्र ठरल्या सकाळी टेम्पोपाशी हजर होता, इस्त्रीचा शर्ट घालून, सुऱ्या फडक्यात गुंडाळून.

"वैनी काय म्हणाली?" मी विचारलं.

"रडली. पण मी म्हटलंय, शब्द दिलोलो असा. आणि आता घरात बसान तरी काय करू?"

प्रयोग दुपारी झाला. सभागृह अर्धं रिकामं होतं, पंखे आवाज करत होते. आत्मारामने गावात केलं होतं तसंच केलं, कणभर कमी नाही की जास्त नाही. शेवटी परीक्षक बोलायला उभे राहिले. शहरातून आलेले, अभ्यासू गृहस्थ. त्यांनी नेपथ्याचं कौतुक केलं, संहितेत शक्यता आहेत म्हणाले. अण्णासाहेबांच्या भूमिकेबद्दल मात्र त्यांचं मत असं पडलं, की नट रंगमंचावर सहज वावरतो, पण अभिनय फारसा दिसला नाही. नरभक्षकाची जी भीती वाटायला हवी ती वाटत नाही.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. सुहास ओठ चावत होता. आत्माराम लक्षपूर्वक ऐकत होता, वर्गात पहिल्या बाकावर बसल्यासारखा.

परतताना फोंड्याबाहेर एका हॉटेलात चहा-भजी घ्यायला थांबलो. तो माझ्या समोर बसला होता. मी त्याला म्हटलं, परीक्षकांचं मनावर घेऊ नका.

"नाय ओ. तेंचा बरोबर असा. मी काय अभिनय करी नव्हतंय."

"मग शेवटी तुम्ही जे बघता, ते काय असतं?"

तो थोडा ओशाळला. "तो पोरगो जेवता मां, तेका जेवण आवाडला काय, ता बघतंय. लग्नात मी खांबाआड उभो रवान तसोच बघतंय. पयल्या घासाक तोंड कळता. तुम्ही कधी बघलास नाय, कारण तुम्ही जेवत असतास."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी मिसळीत पाव बुडवत होतं, आणि आत्मारामची नजर आपसूक तिकडे गेली होती.

घरी आल्यावर सासूबाईंनी निकाल विचारला. मी परीक्षकांचं मत सांगितलं.

"भंय दिसलो ना म्हणटा?" त्यांनी पुन्हा विचारून खात्री केली. "ताका कितें कळटा?" त्या बराच वेळ त्या माणसावर चिडलेल्या होत्या. गावातही तेच झालं. आमच्या माणसाला घाबरून आमची म्हातारी मांडवातून उठून गेली, आणि हा कोण शहरातला सांगतो भीती वाटत नाही म्हणून? दुकानात आत्माराम आला की आता लोक त्या परीक्षकाला नावं ठेवायचे. थट्टा बंद झाली. कामं मात्र आली नाहीत. अभिमान वाटणं आणि हातचं खाणं या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या.

चहाच्या वेळी झालेलं बोलणंही मी सासूबाईंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. ऐकताना त्यांचा हात थांबला आणि मग पुन्हा चालू लागला.

मयुरी अक्षत घेऊन खरोखरच त्याच्या घरी गेली. लग्नाच्या दिवशी आत्माराम आणि सुलभावैनी आले. देवळाच्या सभागृहात पहिली पंगत बसली. आत्मारामला तिथे बसायची सवय नव्हती. इतकी वर्षं त्याने ती पंगत मागून, मुदपाकखान्याच्या दारातून बघितली होती. तो शेवटाला बसला. त्याच्या एका बाजूला सुलभावैनी, दुसऱ्या बाजूचं पान रिकामं. लोक येत होते, पुढे जाऊन बसत होते. मुद्दाम नसेल. पण पंगत भरली तरी ते पान तसंच राहिलं.

सासूबाई वधूमाय, त्यांनी जेवायचं ते सगळ्यांच्या शेवटी. त्या पैठणी सावरत हॉलभर फिरत होत्या. त्या रिकाम्या पानापाशी थांबल्या. वाढप्याच्या हातातून त्यांनी खटखट्याचं भांडं आणि डाव घेतला आणि आत्मारामच्या पानात स्वतः वाढलं. मग तिथेच उभ्या राहिल्या. किंचित पुढे वाकून त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

आजूबाजूची माणसं जेवायची थांबली. आत्मारामने भात कालवला, घास घेतला, सावकाश चावला. सगळी रांग त्याच्याकडे बघत होती.

"कशें जालां?" सासूबाईंनी विचारलं.

त्याने पानातल्या भाज्या बोटाने चाळल्या. पाहुणा म्हणून आलेल्या माणसाने काय बोलावं, असा विचार चालला असावा. मग त्याला खोटं बोलवेना.

"काकी, तिरफळां घालूक इसारले," तो खालच्या आवाजात म्हणाला.

समोरच्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "हांव तेंच म्हणटां, कितें तरी उणें आसा." आणि पंगतीत हळूहळू माना डोलू लागल्या. तिरफळांशिवाय खटखटं म्हणजे नुसत्या शिजवलेल्या भाज्या, हे आमच्याकडच्या शाळकरी पोरालाही कळतं. पण त्याने सांगेपर्यंत कुणी बोललं नव्हतं.

सासूबाईंनी भांडं खाली ठेवलं. "मगीर ऊठ," त्या म्हणाल्या. "दुसरे पंगतीक अजून वेळ आसा."

आत्मारामने बायकोकडे बघितलं. सुलभावैनीने त्याचं पान आपल्याकडे ओढून घेतलं, झाकल्यासारखं. तो उठला, नळावर हात धुतले आणि मुदपाकखान्यात गेला. साखळीचा आचारी त्याच्या ओळखीचाच होता, त्याने बाजूला होऊन जागा दिली. थोड्या वेळाने तिरफळांचा उग्र वास हॉलभर पसरला.

दुसरी पंगत बसली. पानं वाढली गेली. मुदपाकखान्याच्या दारात आत्माराम खांबाआड उभा होता आणि सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होता. या वेळी पुष्कळांनी त्याला बघितलं. एकदोघांनी जेवता जेवता त्याच्याकडे मान हलवली, आणि पुन्हा खाली बघून घास घेतला.